आजींचे कान

“आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं. चुकलं तर चुकलं, इथे कुणी मार्क कापत नाही,” बाईंनी हातवारे करून पुन्हा एकदा सांगितलं. आजींनी मान डोलावली, बटण दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि त्यानंतर ते एकदाही दाबलं नाही.

बारीक आवाज झाले, मध्यम झाले. उजवा कान झाला, डावा झाला. काचेबाहेर कान तपासायच्या यंत्रापाशी बसून बाई आवाज वाढवत गेल्या. शेवटी त्यांनी असा आवाज सोडला, की ठार बहिऱ्या माणसालाही कानात काहीतरी थरथरल्याचं कळावं. आजी मांडीवरच्या रुमालाकडे बघत होत्या. बटण गप्पच होतं. पण त्या आवाजासरशी त्यांच्या दोन्ही पापण्या लवल्या, आणि बाईंनी यंत्रावरचा हात मागे घेतला.

‘असं आहे तर,’ त्या मनाशी म्हणाल्या.

शंका तशी आजी दारातून आत आल्या तेव्हाच आली होती. ऐकू कमी येणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. अर्धं बोलणं ओठांवरून उचलायची त्याला सवय झालेली असते. आजी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. बहिरा माणूस स्वतः मोठ्याने बोलतो, कारण त्याला स्वतःचंच बोलणं पोचत नाही. आजींनी “कुठे बसू?” विचारलं ते शेजारी बाळ झोपलं असावं इतक्या हळू. आणि खऱ्या बहिऱ्याच्या हातात बटण दिलं, की तो आवाज नसतानाही दाबत सुटतो. त्याला आशा असते बिचाऱ्याला. एकदाही न दाबणारा माणूस घरून ठरवून आलेला असतो.

बाईंचं आयुष्य याच खोलीत गेलं होतं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, एक्स-रेची रांग संपते तिथे एक अरुंद खोली, आणि तिच्यात लिफ्टएवढी एक जाड भिंतींची पेटी. पेटीला एक काच, आत एक खुर्ची. दार लावलं की बाहेरचा आवाज आत जात नाही आणि आतला बाहेर येत नाही. बाई माइकवर बोलतात ते आतल्या माणसाच्या हेडफोनमध्ये पोचतं, आतला माणूस बोलतो ते बाहेरच्या छोट्या स्पीकरवर येतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि पेटीतल्या भिंतींचं कापड हिरवं होतं. आता दोन्हींच्या रंगाबद्दल न बोललेलं बरं.

दवाखान्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. ‘कानवाल्या बाई’ म्हटलं की शिपाई बरोबर आणून सोडायचे. घरी नवरा टीव्ही लावण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे एक नजर टाकायचा. “आमच्याकडे पुटपुटायचीसुद्धा सोय नाही,” अशी तक्रार तो पाहुण्यांपाशी हळू आवाजात करायचा, आणि त्यावर स्वयंपाकघरातून लगेच उत्तर यायचं.

बहिरेपणाचं सोंग घेऊन येणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. परीक्षा चुकवणारी मुलं, रात्रपाळी चुकवणारे कामगार. एक निवृत्त मास्तर तर बायकोचं बोलणं चुकवायला आले होते, आणि पकडले गेल्यावर त्यांनी बाईंपुढे चक्क हात जोडले होते. मास्तरांना बाईंनी काय लिहून दिलं ते मास्तर जाणोत आणि बाई. सोंग ओळखता येतं याचा त्यांना अभिमान होता, नाही असं नाही. पण ओळखल्यावर बभ्रा करायचा नाही, हेही त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. सहा वर्षांचं पोर बहिरं असल्याचं नाटक करतं तेव्हा शाळेत कुणीतरी त्याला मारत असतं, हे दोन-तीनदा अनुभवाला आलं होतं.

आजींची खात्री करून घ्यायला त्यांनी तोंडासमोर कागद धरला आणि माइकवर अगदी हलक्या आवाजात म्हटलं, “आजी, डावीकडचा हेडफोन सरकलाय.”

आजींचा हात उठला, कानापर्यंत आला, आणि तिथे आठवण झाल्यासारखा थांबला. मग त्यांनी कपाळ खाजवलं.

बाईंना हसू आलं. सुनेची बोलणी चुकवत असणार म्हातारी, त्यांनी मनात म्हटलं. कानाच्या मशीनची गरज नाही, घरात सगळ्यांनी जरा कमी बोलावं, एवढं मुलाला सांगून पाठवून देऊ. त्यांनी पेटीचं दार उघडलं, आजींच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि बाहेर बसलेल्या मुलाला हाक मारली.

मुलगा पन्नाशीला आलेला, खिशाला दोन पेनं लावलेला, सरळ माणूस दिसत होता. त्याचा घसा पार बसला होता. आत आल्या आल्या तो पेटीत वाकला आणि आईच्या कानाशी ओरडला, “झालं गं आई! बस तू जरा! मी बाईंशी बोलतो!” बाईंच्या कानात कितीतरी वेळ घुमत राहिलं. आजींनी शांतपणे मान हलवली.

तो बाईंच्या टेबलासमोर बसला. पेटीचं दार उघडंच होतं आणि आजी त्याच्यापासून दोन हातांवर होत्या.

“खूपच गेलेत का हो कान?” त्याने विचारलं.

“सांगते. घरी कोण कोण असतं?”

“मी, बायको, मुलगी. आणि ही. माझी बायको तर रडकुंडीला आलीये. भांडणं नाहीत हो, हिच्यावर जीव आहे तिचा. पण परवा रस्ता ओलांडताना ही टेम्पोखालीच आली असती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. मी पलीकडून बोंबलतोय, आणि ही आपली चाललीये सावकाश. त्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून झोप नाही मला.”

बाईंचं हसू मावळलं. सोंगासाठी टेम्पोसमोर चालत जाणारं माणूस त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. त्या काही बोलणार, तेवढ्यात तो पुढे सरकला.

“बाई, एक विचारायचं होतं. मशीन लावलं की हिला सगळंच ऐकू येईल का? म्हणजे शेजारच्या खोलीतलं, फोनवरचं?”

त्याने आवाज कमी केला नव्हता. त्याच्या दृष्टीने करायचं काही कारणच नव्हतं.

“का हो?”

“माझा धाकटा भाऊ गेला. मागच्या वर्षी. लांब असायचा कामाला. तिकडेच, इमारतीचं काम चालू होतं, वरून पडला.”

बाईंनी पेटीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणायला. पण का थांबा, हे कसं सांगायचं? तो बोलतच राहिला. बरेच दिवस कुणापाशी बोलला नसावा.

“हिचं तेव्हा हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. मी ऑफिसच्या कामाचं सांगून गेलो आणि सगळं करून आलो. म्हटलं, हिला जरा बरं वाटू दे, मग सांगू. मग ते राहिलंच. आज सांगू, उद्या सांगू… आता कसं सांगू? इतके दिवस लपवलं हे पण सांगावं लागेल ना.”

बाई पेटीकडे बघत होत्या. आता म्हातारी ओरडेल, आता खुर्चीतून कोसळेल, म्हणून त्या अर्ध्या उठल्याही. आजी होत्या तशाच बसल्या होत्या. रुमालाची घडी मोडून त्या पुन्हा घालत होत्या, कडेला कड जुळवून. अशी बातमी पहिल्यांदा कानावर पडलेली आई रुमालाच्या घड्या घालत बसत नाही. बाई हळूच खाली बसल्या. आजींना हे माहीत होतं. आजचं नव्हे, कधीपासूनचं.

“दर रविवारी मी हिला सांगतो, धाकट्याचा फोन आला होता, मजेत आहे,” मुलगा म्हणाला. “ही निरोप देते. वेळेवर जेवत जा म्हणावं, रात्रीचा जागू नको म्हणावं. मी म्हणतो, सांगतो. खोटं कशाला बोलू, हिचे कान गेले तेव्हा एक सेकंद बरं वाटलं मला. फोन माझ्या हातात दे, असं म्हणायची नाही ही आता. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली! म्हणून म्हटलं, कळलं तर कळू दे, पण मशीन लावायचंच. गाडीखाली आली असती तर मी काय केलं असतं?”

बाईंनी आजींचा केस पेपर उचलला, उगाच उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “यावर शिक्का राहिलाय. नोंदणीच्या खिडकीवर जाऊन या. रांग असेल, पण पुढे घुसू नका, तिथली बाई खवळते.”

तो गेला. बाईंनी स्पीकरचं बटण बंद केलं, पेटीत गेल्या, दार ओढून घेतलं आणि लहान मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसल्या. पेटीत दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

“आजी,” त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “तो रांगेत गेलाय. लगेच येत नाही.”

आजींनी रुमालावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, “तो डबा बंद आहे का? बाहेर ऐकू येतं तो?”

“आत्ताच बंद केला.”

“मग ठीक आहे.” त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. “पोरगा सगळं सांगून बसला तुम्हाला. त्याचं पोट मोठं नाही. लहानपणी चॉकलेट चोरलं तरी स्वतःच येऊन सांगायचा.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“हा परत आला त्याच दिवसापासून. दुपारची पाणी प्यायला उठले. हा आणि सून आत बोलत होती. कसा पडला, कुणी उचलला, सगळं ऐकलं मी. आणि हा बाहेर आला तर मी समोर, हातात पेला. अहो, त्याचं तोंड बघवेना. जन्माला घातलेला तो पण माझाच ना? एक गेलेला, आणि हा असा समोर, चोरी पकडल्यासारखा. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काय म्हणालास रे? हल्ली मला नीट ऐकूच येत नाही.’” आजींनी रुमालाची एक घडी घातली. “त्याच्या जिवात जीव आला. मी या डोळ्यांनी पाहिलं. मग बोलून बसले ते निभवायला नको?”

“आणि टेम्पो?”

“ऐकला की हॉर्न. पण हा पलीकडे उभा राहून माझ्याकडेच बघत होता. दचकले असते तर?”

सगळ्या नोकरीत बाईंनी माणसाला किती बारीक ऐकू येतं ते मोजलं होतं. ऐकलेलं घेऊन एखादी बाई रस्त्यात टेम्पोसमोर शांतपणे चालू शकते, हे त्यांच्या कुठल्या आलेखावर आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि जरा रागही आला, कुणाचा ते मात्र कळलं नाही.

“रडलात तरी का कधी?”

“कुठे रडू? घर केवढं आमचं! मोरीत नळ सोडून बघितला एकदा. तर सून लगेच दारावर, ‘आई, बरं नाही का? आई, काय झालं?’ आता बहिरी बाई आतून उत्तर तरी कशी देणार?” आजींना हे सांगताना किंचित हसू आलं. ते टिकलं नाही. “ते जाऊ दे. तुम्ही लिहून टाका, ठार बहिरी म्हणून. मशीन देतील ते मी डबीत ठेवून देईन. माझं काय राहिलंय आता, निघून जाईल.”

“नाही लिहिता येणार, आजी.”

“दोन ओळी तर लिहायच्या.”

“त्या दोन ओळींवरून तुम्हाला ठार बहिऱ्याच्या मापाचं मशीन मिळेल. ते तुमच्या चांगल्या कानात लावलं तर थोड्या दिवसांत सोंग घ्यायची गरजच उरणार नाही. डबीत ठेवीन म्हणता, तो ठेवू देईल? रोज सकाळी स्वतःच्या हाताने लावील.”

“लावील,” आजी म्हणाल्या. “तसाच आहे तो.”

“आणि दुसरा हॉर्न? दर वेळी ड्रायव्हर ब्रेक दाबेलच असं नाही. मग त्या पोराने आयुष्यभर काय करायचं? आईचे कान वेळेवर दाखवले नाहीत, म्हणत बसायचं?”

याचा विचार आजींनी केला नव्हता. घडी घालणारी बोटं थांबली.

“म्हणजे तुम्ही त्याला सांगणार,” त्या म्हणाल्या.

“मी नाही सांगणार. ते मी सांगण्यासारखं नाहीच. पण खोटंही लिहिणार नाही. आज लिहीन, उत्तरं मिळाली नाहीत, तपासणी अपुरी. ते खरंच आहे. मग डॉक्टर दुसरी तपासणी सांगतील. तिच्यात झोपवून डोक्याला तारा लावतात. बटण नसतं हातात. तिथे सगळं कळतं. मग तुमच्या मुलाला ते कागदावरून कळेल, आणि वाचून दाखवणारा माणूस कोण असेल, कसा असेल, देव जाणे. तारीख मिळायला वेळ लागतो. तेवढा वेळ आहे तुमच्याकडे.”

भिंतीच्या जुन्या कापडाला आजींनी बोट लावून पाहिलं.

“इथलं बाहेर खरंच ऐकू जात नाही?”

“नाही.”

“कितीही मोठ्याने ओरडलं तरी?”

“इतकी वर्षं मी बाहेर बसते. मला नाही कधी आलं.”

“मग मला जरा वेळ बसू द्या इथे. एकटीला.”

बाईंनी खुर्ची धरून आजींना काचेकडे पाठ करून बसवलं. स्टूल बाहेर काढलं. दार लावताना त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. मग टेबलापाशी येऊन त्यांनी रिकामा आलेख पुढ्यात घेतला आणि खाली ‘तपासणी अपुरी’ असं लिहिलं. स्पीकरला हात लावला नाही. काचेकडे बघायचं नाही असं ठरवूनही एकदा नजर गेलीच. आजी पुढे वाकल्या होत्या, आणि त्यांची पाठ गदागदा हलत होती. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

मुलगा अपेक्षेपेक्षा लवकर परत आला. “शिक्का आहे म्हणतात आधीच. पाठीमागे,” तो म्हणाला, आणि त्याचं काचेकडे लक्ष गेलं. “अजून चालू आहे?”

“हो. बसा तुम्ही.” बाई उठून काचेसमोर उभ्या राहिल्या. पण त्या पडल्या बुटक्या, आणि तो त्यांच्या डोक्यावरून बघत होता.

“आई रडतेय.”

बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

“तुम्ही काही सांगितलंत तिला?” त्याचा बसलेला आवाज एकदम चढला. “मी विश्वासाने बोललो तुमच्याशी!”

“मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही.”

“मग ती का…” तो तिथेच थांबला. मघाशी तो बसला होता ती खुर्ची त्याने पाहिली. मग पेटी पाहिली. दोन हातांचं अंतर, आणि मघाशी दार उघडं होतं.

“तिला ऐकू येतं?”

होय म्हटलं तर आजींना दिलेला शब्द मोडत होता, आणि नाही म्हणणं बाईंना जमण्यासारखं नव्हतं.

“ते तुम्ही त्यांनाच विचारा,” त्या म्हणाल्या आणि काचेसमोरून बाजूला झाल्या.

त्याने पेटीचं दार उघडलं. उघडताक्षणी आतला आवाज बाहेर आला, एखाद्या लहान मुलीने गळा काढावा तसा, आणि तसाच अर्ध्यावर तुटला. दार उघडल्याचं आजींना कळलं होतं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, पाठ ताठ केली, आणि बघता बघता त्या पुन्हा बहिऱ्या होऊन बसल्या. मागे कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

तो पेटीच्या दारात वाकला. मग म्हणाला, “आई.”

ओरडून नाही म्हणाला. आईला हाक मारतात तशी मारली, आणि बसलेल्या घशातून ती जेमतेम निघाली.

आजी हलल्या नाहीत. न हलता तशाच बसून राहिल्या असत्या, तर ते अजूनही निभावलं असतं. मुलाने स्वतःची समजूत घालून घेतली असती, आणि येता रविवार नेहमीसारखा गेला असता. बाईंना हे स्पष्ट दिसत होतं.

“तू तरी रडलास का रे?” आजींनी मागे न बघता विचारलं.

बाईंनी पुढे होऊन पेटीचं दार बाहेरून लावून घेतलं. मग खोलीचंही दार लावून त्या व्हरांड्यात आल्या. बाकावर पुढच्या नंबरचे एक गृहस्थ हाताचा द्रोण कानाला लावून बसले होते. हे खरोखरचे बहिरे होते, दर सहा महिन्यांनी यायचे. “आत काय चाललंय? माझा नंबर कधी?” ते साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले.

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “आत माणसं आहेत. थांबावं लागेल.”

गृहस्थांनी त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलावली. बाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या, दाराकडे पाठ करून.